३० पिनी रॅमच्या चार पट्ट्या: चालतात, पण भिंग घेऊन बसा

आधी मार्क सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाचात साडेतीन. मधे एक दिवस असा होता की दीडसुद्धा दिला नसता, आणि आता मशीन शेजारी चालू आहे, गेले तीन आठवडे एकदाही अडकलेलं नाही, त्यामुळे हात चारकडे जातोय, पण विक्रीच्या पानावर जे लिहिलंय आणि पाकिटातून जे निघालं त्यातलं अंतर मी काही विसरलेलो नाही.

वस्तू काय आहे ते सांगतो. ३० पिनी सिमच्या चार पट्ट्या, एकेक ४ मेगाबाइटची, मिळून १६. (फोनमधलं सिम नव्हे, जुन्या कॉम्प्युटरच्या रॅमच्या पट्टीला पण सिमच म्हणतात, घरी बोलताना यावरून दरवेळी गोंधळ होतो.) बोर्ड नवीन बनवलेला आहे आणि त्यावर जुन्या मशिनींतून काढलेल्या चिपा परत सोल्डर केल्यात. कोणीतरी हौशी माणूस घरच्या घरी हे बनवून विकतो. कल्पना मला आवडली, कारण जुन्या अस्सल पट्ट्यांचं असं झालंय की निम्म्या मेलेल्या निघतात आणि उरलेल्यांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात.

मशीन म्हणजे ३८६ डीएक्स ४०, एएमडीचा प्रोसेसर, ४० मेगाहर्ट्झ, १९९१ च्या पिढीचा. बोर्डावर आठ सॉकेटं, चार-चारच्या दोन बँका (बँक म्हणजे एकत्र चालणारा सॉकेटांचा गट). आधी त्यात १ मेगच्या चार पट्ट्या होत्या म्हणजे एकूण ४ मेग. नवीन लोकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो कारण हा प्रश्न मला सतत विचारला जातो, की एकच पट्टी टाकून का नाही चालत? ३८६ डीएक्सचा डेटाचा रस्ता ३२ बिटांचा, ३० पिनी पट्टी एका वेळेला देते ८ बिट. आठ चोक बत्तीस, संपलं. चार नसतील तर मशीन उठणारच नाही. २८६ किंवा ३८६ एसएक्सला १६ बिट लागतात म्हणून दोन पुरतात. पुढे ७२ पिनी पट्टी आली ती एकटीच ३२ बिटांची, म्हणून ४८६ ला एक चालायची आणि पेंटियमला परत जोडी लागायची कारण त्याचा रस्ता ६४ चा. एवढं डोक्यात बसलं की निम्मी खरेदी चुकायची वाचते.

आता पट्टीकडे बघू. पाकीट उघडल्यावर पहिलं काम मी केलं ते म्हणजे व्हर्नियर घेऊन जाडी मोजली. हसू नका. सिमच्या बोर्डाची जाडी ठरलेली आहे, १.२७ मिलिमीटर, आणि आजकाल कुठेही सर्किट बोर्ड बनवायला टाकला की काही न सांगता येतो तो १.६ चा. ज्यांना हे माहीत नसतं ते १.६ च्या पट्ट्या बनवून विकतात, त्या दाबून दाबून बसतात पण, आणि मग सॉकेटातल्या स्प्रिंगा अशा फाकतात की नंतर बरोबर मापाची पट्टी टाकली तरी ढिली बसते. म्हणजे रॅम गेली तर गेली, सॉकेट पण घेऊन गेली. या माणसाच्या चारही पट्ट्या १.२ च्या आसपास भरल्या. याला पूर्ण मार्क. बनवणाऱ्याने निदान एकदा तरी स्वतःच्या मशीनमध्ये लावून बघितलंय एवढं यावरून कळलं.

कडेच्या पिनांवर सोन्याचा मुलामा आहे, पातळ आहे पण सारखा आहे. यावर जुन्या मंडळींचा एक वाद आहे, सॉकेट कथलाचं असेल तर पट्टी पण कथलाचीच हवी, कारण दोन वेगळे धातू घासत राहिले की मधे ऑक्साइड धरतो आणि वर्ष दोन वर्षांनी कनेक्शन दगा देतं. वाद खरा आहे, पण हे मशीन मी महिन्यातून चार वेळा चालू करतो, कार्यालयात रोज आठ तास नाही, त्यामुळे मी तरी त्यात पडलो नाही. वर्षातून एकदा काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, झालं. खोडरबर घासू नका, विशेषतः असल्या पातळ मुलाम्यावर, दोन वेळा घासलंत की खालचं तांबं वर येईल.

सोल्डरिंग मात्र बरं म्हणण्याइतकंच. फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो चिकट पदार्थ) नीट पुसलेला नाही, बोटाला चिकट लागत होतं. एका पट्टीवर दोन पायांच्या मधे सोल्डरचा एवढासा गोळा अडकलेला दिसला, टाचणीने उडवला. तोच गोळा वीज चालू असताना सरकला असता तर माझ्या तोंडून काय निघालं असतं ते इथे लिहिता येणार नाही.

प्रत्येक पट्टीवर दोन मोठ्या चिपा, आणि शेजारी तिसऱ्या चिपेची जागा, रिकामी. ही रिकामी जागा बघितल्यावर माझ्या कपाळाला पहिली आठी पडली. कारण पानावर शीर्षकातच पॅरिटी हा शब्द होता. तिसरी चिप असते तीच पॅरिटीची. प्रत्येक आठ बिटांमागे एक नववा बिट ठेवायचा, एकच्या बिटांची संख्या सम आहे की विषम याची नोंद म्हणून, आणि वाचताना ती नोंद जुळली नाही तर मशीनने जागच्या जागी थांबायचं. जुन्या पट्ट्यांवर नऊ चिपा दिसतात त्या याचसाठी. मी विचारलं तर उत्तर आलं की बोर्ड पॅरिटीचा आहे, चिप तुम्ही लावून घेऊ शकता. म्हणजे गाडी चार चाकांची आहे, चौथं चाक तुम्ही आणा! अर्धा मार्क इथे गेला, आणि तो मी परत देणार नाही.

तसं बघितलं तर हौसेच्या मशीनला पॅरिटी नसली म्हणून काही बिघडत नाही, आणि बाजारात खोटी पॅरिटी नावाचा प्रकार पण होताच, म्हणजे तिथे मेमरीची चिप नसतेच, एक छोटी लॉजिकची चिप असते जी वाचताना समोर दिसेल त्या आठ बिटांवरून तिथल्या तिथे नववा बिट बनवून देते. आपणच पेपर लिहायचा आणि आपणच तपासायचा. त्यापेक्षा रिकामी जागा प्रामाणिक म्हणायची. पण सांगा ना राव आधी.

तर पॅरिटी नाही म्हटल्यावर बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) जाऊन पॅरिटीची तपासणी बंद करावी लागते. एएमआयच्या बायोसमध्ये अॅडव्हान्स्ड सेटअपात मेमरी पॅरिटी एरर चेक म्हणून ओळ असते. हे काम जुनी रॅम आत असतानाच करून घ्या, नवीन टाकल्यावर करू म्हणाल तर सेटअपपर्यंत पोचायच्या आतच मशीन थांबलेलं असू शकतं. मी शहाण्यासारखं आधी केलं. मग वीज बंद, मनगटाला पट्टा, जुन्या चार काढल्या, नवीन चार बसवल्या.

बसवण्यावर दोन शब्द. ही सॉकेटं तिरपी असतात, पट्टी तिरकी आत टाकून मग उभी करायची, आणि एका टोकापासूनच सुरुवात करावी लागते, नाहीतर आधी बसवलेली पट्टी पुढच्या पट्टीच्या वाटेत येते. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला पाहिजे, एकच टक् आला तर एक बाजू अजून वर आहे. माझ्या बोर्डावर कान प्लॅस्टिकचे आहेत, तीस वर्षांनी ते बिस्किटासारखे झालेत, एक मीच मागे कधीतरी मोडलाय, तिथे पट्टी रबरबँडने शेजारणीला बांधून ठेवलीय. दिसायला भिकार, पण चालतं. धातूचे कान असलेला बोर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं.

चालू केलं. आकडे पळायला लागले, ती मोजणीची टिकटिक ऐकायला मला अजून आवडते, आणि ती टिकटिक ४ मेगाबाइटवरच थांबली. चार. जेवढी काढली तेवढीच. एक क्षण वाटलं की मी जुन्याच पट्ट्या परत लावल्या की काय, खरंच टेबलावर बघितलं.

मग नेहमीचं सुरू झालं. काढा, पुसा, लावा. जागा बदला. दुसऱ्या बँकेत लावा. वेट स्टेट (प्रोसेसरने रॅमसाठी थांबायचे ठोके) वाढवा. ४ च्या पुढे जाईना. आता या बँकेच्या भानगडीतली खरी गोची अशी की चारातली एक खराब असेल तर कोणती हे मशीन सांगत नाही, आणि एकेक काढून बघता येत नाही कारण तीनवर मशीन उठतच नाही. माझ्याकडे ४ मेगची पाचवी पट्टी नव्हती. रात्री साडेबाराला मी टॉर्च तिरका धरून भिंगातून चिपांवरचे आकडे वाचत बसलो. उजेड सरळ टाकला तर काही दिसत नाही, तिरका टाकला की छाप उठून दिसतो.

पहिली पट्टी, नावाच्या मधे १७४००. दुसरी १७४००. तिसरी १७४००. चौथी पट्टी, दोन्ही चिपांवर १६४००.

हे वाचून ज्यांना काही वाटलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. दोन्ही चिपा तेवढ्याच, ४ मेग गुणिले ४ बिट. पण आतली मांडणी वेगळी. डीरॅममध्ये (या पट्ट्यांवरच्या मेमरी चिपांची जात) पत्ता दोन हप्त्यांत जातो, आधी ओळीचा नंबर मग रकान्याचा, त्याच तारांवरून. १७४०० मध्ये २०४८ ओळी आणि २०४८ रकाने, म्हणजे दोन्ही वेळेला अकरा बिट. १६४०० मध्ये ४०९६ ओळी आणि १०२४ रकाने, म्हणजे बारा आणि दहा. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे ४१,९४,३०४ च येतात. पण माझ्या बोर्डाला ४ मेगची पट्टी म्हणजे अकरा-अकराच माहीत आहे. तो ओळीचा बारावा बिट पाठवतच नाही, आणि रकान्याचा अकरावा पाठवतो तो ही चिप ऐकतच नाही. मग एकाच घरात दोन पत्त्यांची टपालं पडायला लागतात. बायोस मोजताना इथे लिहितो आणि तिथे पण तेच दिसतं, त्यामुळे तो म्हणतो ही पट्टी ४ मेगची नाहीच, त्याखालचं जे माप त्याला येतं ते १ मेगचं, आणि एक पट्टी १ ची ठरली की अख्खी बँक १ च्या हिशोबाने, चार एके चार. चिप खराब नव्हती, पट्टी खराब नव्हती, फक्त या घरात नांदणारी नव्हती.

विकणाऱ्याला लिहिलं. पहिलं उत्तर, दोन्ही चिपा ४ मेगच्याच आहेत, तुमचा बोर्ड तपासा. हे उत्तर वाचून दीड मार्काचा दिवस उजाडला होता. मग मी चारही पट्ट्यांचे तिरक्या उजेडातले फोटो पाठवले, ओळी-रकान्यांचा हिशोब लिहिला, आणि त्याला म्हटलं की बाबा माझ्या बोर्डाचं राहू दे, एकाच सेटमध्ये तीन एक जातीच्या आणि एक वेगळ्या जातीची हे तुला तरी पटतं का. दुसऱ्या दिवशी सरळ माफी मागितली, म्हणाला चिपांचे दोन डबे शेजारी होते, हात चुकला, आणि बदली पट्टी पाठवली. जुनी परत मागितली नाही. माणूस वाईट नाही, त्याला स्वतःचा माल पूर्ण माहीत नाही एवढंच, आणि या धंद्यात ते बरेचदा दिसतं.

बदली पट्टी आली, लावली, आणि सेटअपाच्या शेवटच्या चौकटीत बेस ६४०, एक्स्टेंडेड १५३६० किलोबाइट असं आलं. बेरीज १६००० होते, १६३८४ नाही, उरलेले ३८४ किलोबाइट बायोसच्या सावलीला (बायोसची नक्कल रॅममध्ये ठेवायला) जातात, त्यावरून घाबरून मला विचारू नका, ते तसंच असतं.

पण थांबा. दुसऱ्या दिवशी चालू केलं तर स्क्रीनवर पॅरिटी एरर आणि सगळं ठप्प. रात्री व्यवस्थित चाललेलं मशीन. आता परत पट्ट्यांनाच शिव्या घालणार होतो पण यात चूक शंभर टक्के माझी होती. या जुन्या बोर्डांवर एक पिंपाच्या आकाराची निकेल कॅडमियमची बॅटरी असते, ती गळते आणि तिचा रस बोर्डाच्या तारा खातो, म्हणून मी ती कधीच कापून टाकलीय. (तुमच्या बोर्डावर असेल तर उद्या नाही, आज कापा.) पण बॅटरी नाही म्हणजे बायोसची आठवण नाही. वीज बराच वेळ बंद राहिली की सेटिंग मूळ पदावर, आणि मूळ पदावर पॅरिटी तपासणी चालू. आधी नऊ चिपांची रॅम होती तोवर हे कधी जाणवलंच नाही, तारीख चुकायची एवढंच. चालू केल्यावर डिलीट दाबून सेटअपात घुसायला एक अर्धा क्षण मिळतो तो साधून परत बंद केलं, आणि मग बाहेरच्या बॅटरीसाठी बोर्डावर चार पिनांची जागा असते तिथे तीन साधे सेल जोडले, मधे डायोड, म्हणजे बोर्डाकडून चार्जिंगचा करंट सेलात शिरायला नको. तेव्हापासून गप आहे. थोडक्यात ज्यांच्या बोर्डावर पॅरिटी बंद करायचा पर्यायच नाही, आणि बऱ्याच जुन्या बोर्डांवर तो नसतो, त्यांनी हा सेट घेऊ नका, आणि पानावर "सगळ्या जुन्या कॉम्प्युटरला चालतो" लिहिलंय त्यावर तर अजिबात जाऊ नका.

मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती फ्लॉपीवरून चालवून रात्रभर ठेवलं. ४० मेगाहर्ट्झवर १६ मेगची एक फेरी पूर्ण व्हायला किती वेळ लागतो ते विचारू नका, झोपून उठलो तरी फार पुढे गेलं नव्हतं. पण चूक शून्य. हे मी मुद्दाम लांबवलं कारण दोन-तीन मोठ्या चिपांच्या पट्ट्यांबद्दल जी तक्रार असते ना, जुन्या बोर्डात नीट चालत नाहीत, तिच्यामागे रिफ्रेश असतो. डीरॅम म्हणजे गळकी भांडी, प्रत्येक ओळ ठराविक वेळाने परत भरावी लागते. जुन्या छोट्या चिपांना १०२४ ओळींची फेरी पुरायची, यांना २०४८ लागतात. बोर्ड चिपेला नुसती खूण करून चिपेच्या आतल्या मोजणीवर सोडत असेल तर काही प्रश्न नाही, पण जर तो स्वतः ओळीचे नंबर मोजून पाठवत असेल आणि त्याची मोजणी १०२४ लाच संपत असेल तर अर्ध्या ओळी उपाशी राहतात, आणि मग मशीन उठतं, मोजणी पूर्ण होते, आणि दहा मिनिटांनी काहीतरी वेड्यासारखं होतं. माझा बोर्ड पहिल्या जातीचा निघाला. तुमचा कोणता हे लावून रात्रभर ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि सोळा मेगाबिटच्या चिपा ३.३ व्होल्टच्या पण येतात, बहुतेक नावात मधे व्ही हे अक्षर असतं, सिमला ५ व्होल्ट मिळतात, तेव्हा भिंग हातात आहेच तर तेवढं पण बघून घ्या. या सेटमध्ये सगळ्या ५ च्या आहेत.

आता ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप तो फरक. डॉसमध्ये? शून्य. खरंच शून्य. ६४० च्या खालची जागा तेवढीच, मेम टाइप केलं की वरचा आकडा मोठा दिसतो आणि छान वाटतं एवढंच. हिमेम (डॉसचा वरची मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) लोड होताना मेमरी तपासतो ती आता जास्त वेळ तपासतो, म्हणजे उलट बूट हळू झालं. स्मार्टड्राइव्हला (डिस्कवरून वाचलेलं रॅममध्ये जपून ठेवणारा प्रोग्रॅम) मात्र २ मेग दिले आणि तिथे मजा आली, कंपायलर दुसऱ्यांदा चालवला की डिस्क हलतच नाही. डूम ४ मेगवर पण उठायचा आणि आता पण तेवढाच अडखळत चालतो, कारण तिथे घोडं प्रोसेसरपाशी अडतं, रॅमपाशी नाही, फक्त दरवाजा उघडल्यावर मधेच डिस्क वाचायला थांबायचा ते बंद झालं.

खरा फरक विंडोज ९५ मध्ये. कागदावर ते ३८६ डीएक्स आणि ४ मेगवर चालतं, आणि ४ मेगवर मी ते चालवलेलं आहे, चालतं म्हणजे काय तर स्टार्ट दाबा आणि डिस्कची कुरकुर ऐकत बसा. फोल्डर उघडला की कुरकुर, बंद केला की कुरकुर, माउस थांबला की पण कुरकुर, सगळा कारभार स्वॅप फाइलवर, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ठेवतात त्या फाइलवर. १६ टाकल्यावर पहिल्यांदा डेस्कटॉप आला आणि डिस्कचा दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. मला वाटलं हँग झालं. माउस हलवला तर हलला. मी उगाच नोटपॅड उघडून बंद करत बसलो पाच मिनिटं, फक्त ती शांतता ऐकायला.

मग अर्थातच हाव सुटली. चार सॉकेटं रिकामी, जुन्या चार पट्ट्या पडलेल्या, लावल्या, २० झाले. आणि मशीन हळू झालं. भास नाही, विंडोज उठायलाच दिसण्याइतका जास्त वेळ. कारण असं की माझ्या बोर्डावर कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) फक्त ६४ किलोबाइट आहे आणि त्याचा टॅग, म्हणजे कॅशमध्ये रॅमचा कुठला भाग आहे याची नोंद, ८ बिटांचा. आठ बिटांत २५६ नोंदी, ६४ गुणिले २५६ म्हणजे बरोबर १६ मेग. त्याच्या वरची मेमरी कॅशला दिसतच नाही, आणि विंडोज ९५ ला सवय अशी की जागा वरच्या टोकाकडून वाटायला घ्यायची, म्हणजे त्याचं सगळ्यात महत्त्वाचं सामान नेमकं त्या कॅश नसलेल्या ४ मेगमध्ये जाऊन बसणार. पुढे पेंटियमच्या ४३० टीएक्ससारख्या चिपसेटांवर हीच गंमत ६४ मेगला व्हायची, तेव्हा पण लोक १२८ टाकून हळू झालं म्हणून रडायचे. शिवाय आयसा स्लॉटातल्या (जुन्या जातीच्या) कार्डांना डीएमएसाठी, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट रॅमशी बोलायला, पत्त्याच्या २४ च तारा, म्हणजे १६ मेगच्या पुढे त्यांचा हात पोचत नाही. नाकापेक्षा मोती जड. काढल्या जुन्या चार. म्हणून हा १६ चा सेट माझ्या मशीनला अगदी मापात बसला, नशीब म्हणा, मी काही टॅग मोजून ऑर्डर केली नव्हती.

मॅकवाल्यांसाठी थोडं, कारण पानावर मॅकचं पण नाव आहे. मित्राकडे मॅक एसई ३० आहे, १९८९ चा, आठ सॉकेटंवाला, माझं समाधान झाल्यावर चारही पट्ट्या त्याच्याकडे दोन दिवस नेल्या. तिथे त्या पहिल्या फटक्यात चालल्या. पॅरिटीची कटकट नाही कारण त्या मशीनला पॅरिटी लागतच नाही. पण त्याचा रॉम जुन्या २४ बिटांच्या हिशोबाचा, त्यामुळे सिस्टिम ७ (मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि वर मोड ३२ (रॉमची ही अडचण दूर करणारा प्रोग्रॅम) टाकल्याशिवाय ८ मेगच्या पुढची मेमरी दिसते पण वापरता येत नाही, लोक तिथे रॅमला दोष देतात. त्याच्याकडे मोड ३२ होतं, १६ दिसले, खूश झाला आणि पट्ट्या परत द्यायला टाळाटाळ करायला लागला. तो डबा उघडताना पिक्चर ट्यूबच्या मागच्या तारेला हात लावू नका, बंद असला तरी. ते मित्रच करतो, मी लांब उभा राहतो.

पॅकिंग ठीक होतं, चारही पट्ट्या चंदेरी अँटीस्टॅटिक पाकिटात, वेगवेगळ्या, बाहेर जाड पुठ्ठा. बदली पट्टी मात्र साध्या बबलच्या पाकिटात आली, काही झालं नाही पण बघून पोटात गोळा आला. सोबत कागद नाही, चिपा कोणत्या, किती नॅनोसेकंदाच्या, काही नाही. चिपांवरच्या आकड्यांच्या शेवटी ६ आहे म्हणजे ६० नॅनोसेकंद, माझ्या बोर्डाला ७० पण पुरले असते. दुसरा सेट घ्यायचा झाला तर घेईन याच्याकडूनच, पण ऑर्डर करताना चिपेचा पूर्ण नंबर लिहून मागेन आणि चारही पट्ट्यांचे तिरक्या उजेडातले फोटो आधी मागेन.

ती चुकीची पट्टी इथेच टेबलावर आहे. एकटी ती माझ्याकडे कुठेच चालणार नाही, पण फेकवत नाही. मागच्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरात १६४०० लिहून ठेवलंय, कारण सहा महिन्यांनी मीच ती कुठल्यातरी बँकेत लावून परत एक रात्र घालवणार.